तिची उजळणी घेणं थोडे दिवस थांबवा

पत्र:

ताई, माझी मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. धाकटा आठ महिन्यांचा. या वर्षी तिला शाळेत न घालता घरीच शिकवायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं आणि ती जबाबदारी मी घेतली. साडेनऊ ते साडेअकरा असं टाइमटेबल भिंतीवर लावलं आहे: अक्षरं, अंक, रंग-आकार, चित्र. वर्कशीट छापून ठेवल्या आहेत. एक पान पूर्ण केलं की चांदणीचं एक स्टिकर. सुरुवातीचे काही आठवडे छान गेले. आता टेबलाशी बसायचं म्हटलं की ती टेबलाखाली शिरते. गेल्या महिन्यात ओळखत होती ती अक्षरं दाखवली तर ‘मला नाही येत’ म्हणते. निळ्या खडूचा रंग विचारला तर माझ्याकडे बघत ‘पिवळा’ म्हणते. पेन्सिल दिली की दोन रेघा मारून फेकते. जिना उतरताना ‘पायऱ्या मोज बरं’ म्हटलं तर कानांवर हात ठेवते. हल्ली तर ‘आधी स्टिकर दे, मग करते’ असंही सुरू झालं आहे. संध्याकाळी नवरा घरी आला की तिला विचारतो, ‘आज काय शिकलीस?’ ती म्हणते, ‘काही नाही.’ तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. शेजारची तिच्याच वयाची मुलगी स्वतःचं नाव लिहिते. काल मी इतकी चिडले की तिच्यासमोरचं पान टराटरा फाडलं. ती रडली, बाळ रडलं, मग मीही. बाळाला पाजताना तिला मोबाइलवर अक्षरांचे व्हिडिओ लावून देते, त्याचीही टोचणी असतेच. माझी शिस्त कमी पडते आहे का? की तिला शाळेतच घालायला हवं होतं?
– एक आई

उत्तर:

तुमची शिस्त कमी पडत नाही. आठ महिन्यांचं बाळ अंगावर असताना रोज दोन तास टेबल मांडून बसणारी आई शिस्तीत कमी आहे असं कोण म्हणेल? पत्रात मला वेगळीच गोष्ट दिसली. अक्षर दाखवून ‘हे कोणतं’, खडू दाखवून ‘हा रंग कोणता’, जिन्यात ‘पायऱ्या मोज’ आणि संध्याकाळी बाबांचं ‘काय शिकलीस’. सकाळपासून रात्रीपर्यंत या मुलीची उजळणी चालू आहे, आणि ती पळते आहे ती उजळणीपासून. शिकण्याचा तिला कंटाळा आला आहे असं तुमच्या पत्रातल्या एकाही ओळीवरून मला वाटत नाही.

निळ्या खडूला ती ‘पिवळा’ म्हणाली तो प्रसंग घ्या. ‘माझ्याकडे बघत’ म्हणाली, हे तुम्हीच लिहिलं आहे. ज्याला रंग ओळखता येत नाही ते मूल खडूकडे बघतं, गोंधळतं, अंदाजाने काहीतरी बोलतं. तुमची मुलगी खडूकडे बघतच नाहीये. रंग तिला पक्का ठाऊक आहे आणि तुम्हालाही तो ठाऊक आहे, हेसुद्धा तिला कळलेलं आहे. मग आई विचारते कशाला? चार वर्षांच्या मुलांना हा फरक अचूक कळतो. ‘अगं, तुझी दुसरी चप्पल कुठे गेली?’ असं विचारलं की ती धावत शोधायला जाते, कारण आईला खरंच माहीत नाही आणि आपण सांगितलं तर आईचं काम होणार आहे. ‘ही चप्पल कोणत्या रंगाची आहे?’ असं विचारलं की तिच्या लक्षात येतं, इथे काही हवं नाहीये, आपल्याला फक्त तपासलं जातं आहे. अशा प्रश्नाला बरोबर उत्तर दिलं तर पुढचा प्रश्न येतो, चुकलं तर आईचा चेहरा उतरतो. ‘मला नाही येत’ म्हटलं की विषयच संपतो. तिने स्वतःपुरता शोधलेला हा उपाय आहे आणि तिच्या वयाच्या मानाने तो चांगलाच हुशारीचा आहे.

त्यात घरात बाळ आहे. ते थोडा वेळ तिच्या जागी बसून बघा. बाळाला काहीही येत नाही. ना रंग, ना अक्षर, ना धड चालणं. तरी सगळे त्याच्याकडे बघून हसतात, त्याला उचलून घेतात, त्याने नुसतं ‘ब्ब’ केलं तरी घर गोळा होतं. आणि तिला जवळ बसवलं जातं ते पान पूर्ण करण्यासाठी. ‘मला नाही येत’ या म्हणण्यात ‘मलाही काही न येताच जवळ घे’ एवढंसं काहीतरी असावं असं मला वाटतं. धाकटं भावंड आल्यावर मोठ्या मुलाने येत असलेल्या गोष्टी सोडून देणं, बोबडं बोलणं, स्वतःच्या हाताने न जेवणं हे अगदी नेहमीचं आहे. ती हट्टी झालेली नाही आणि विसरलेलीही नाही.

तेव्हा पहिलं काम हे, की पुढचे दोन-तीन आठवडे, ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे असा एकही प्रश्न तिला विचारायचा नाही. रंग नाही, अक्षर नाही, ‘हे किती’ नाही. घरातल्या सगळ्यांनी हे पाळायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही हळूच सांगून ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण सवय इतकी मुरलेली असते की पहिल्या दिवशी ओठांवर आलेला प्रश्न गिळताना तुमची दमछाक होईल.

प्रश्न गेले की मोकळ्या झालेल्या जागी काय आणायचं? सांगणं. तुम्ही तिला सांगा. हे मी मनाचं सांगत नाही. एकोणिसाव्या शतकात एदुआर सेगां नावाचे एक फ्रेंच डॉक्टर बौद्धिकदृष्ट्या मागे असलेल्या मुलांना शिकवत असत. नवी वस्तू, नवा शब्द शिकवण्यासाठी त्यांनी तीन पायऱ्यांची एक पद्धत वापरली. मारिया माँटेसरींनी ती उचलली आणि १९०७ साली रोममध्ये सुरू केलेल्या आपल्या बालगृहापासून पुढे आयुष्यभर वापरली. पहिली पायरी नाव सांगण्याची: ‘हा म. हा क.’ बस, एवढंच. दुसरी पायरी ओळखण्याची: ‘म दे मला. क खिडकीत ठेव. आता म उशीखाली लपव.’ इथे मुलाला काही बोलायचं नसतं, फक्त हात-पाय हलवायचे असतात, म्हणून ही पायरी सगळ्यांत लांबवायची आणि मुलांना तीच सगळ्यांत आवडते. तिसरी पायरी: ‘हे कोणतं?’ ही अगदी शेवटी, आणि तीही मूल बरोबरच सांगणार अशी आपली खात्री असेल तेव्हाच. दुसऱ्या पायरीवर मूल चुकलं तर माँटेसरींचं सांगणं स्पष्ट होतं की चूक दुरुस्त करत बसू नका, हसतमुखाने सामान उचला आणि पुन्हा कधीतरी पहिल्यापासून सुरू करा. कारण मूल चुकलं म्हणजे आपण घाई केली, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्याकडे नेमकं काय होतं बघा. वर्कशीट हातात आली की आपण थेट तिसऱ्या पायरीवर उभे राहतो. सांगणं एकदा उरकलेलं असतं, ओळखण्याचा खेळ वगळलेला असतो, आणि विचारणं मात्र दहा वेळा. तुमच्या मुलीसाठी तिसरी पायरी सध्या पूर्ण बंद ठेवा. दुसरीवर हवं तेवढं रमा. दोन-तीन अक्षरं जाड पुठ्ठ्यावर मोठी काढा आणि घरभर त्यांची ने-आण करा. ‘क बाळाच्या पाळण्याजवळ नेऊन ठेव, म माझ्या पायाजवळ आण.’ ती चुकीचं आणेल तर ‘हा क आला, बस इथे माझ्याजवळ’ असं अक्षराला म्हणा आणि पुढे चला. यात तिच्या चुकीचा कुठे उल्लेखच येत नाही. तरी बरोबर नाव तिच्या कानावर पडलं.

अंकांचं म्हणाल तर ते टेबलावर शिकवण्यापेक्षा कपडे वाळत घालताना सोपे जातात. ही एक गोष्ट मी जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या घरी बाळ आहे म्हणजे धुणंही भरपूर असणार.

चिमट्यांची टोपली तिच्या हातात द्या. तुम्ही बाळाचं झबलं झटकता, दोरीवर टाकता आणि हात पुढे करता: ‘दोन चिमटे दे.’ ती दोन देते. पुढचं झबलं, पुन्हा दोन. मग टॉवेल येतो. तो जड असतो. ‘याला तीन लागतील.’ ती मूठभर काढते, तुमच्या तळहातावर पाच येतात. इथे थांबा, काही बोलू नका. तुम्ही एक लावा, दुसरा लावा, तिसरा लावा, प्रत्येक वेळी ‘एक… दोन… तीन…’ असं स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणा, आणि ‘हे दोन उरले गं, टोपलीत टाक’ म्हणून परत करा. चार-पाच टॉवेलांनंतर ती मुठीतून मोजून द्यायला लागेल. मग पायमोजे येतात. ‘एका मोज्याला एकच चिमटा.’ आता तिच्या लक्षात येतं की चिमटे संपत आले आहेत आणि मोजे अजून बरेच आहेत. ‘आई, पुरणार नाहीत!’ हे वाक्य जेव्हा ती म्हणेल, तेव्हा तिने एकास एक जोडी लावणं, कमी-जास्त बघणं आणि पुढचा अंदाज बांधणं हे तिन्ही एका दमात केलेलं असेल. वर्कशीटवर ससे मोजून गोल करण्यात यातलं पहिलंच तेवढं येतं.

‘तीन दे’ याला मी एवढं महत्त्व का देते? एक ते वीस म्हणून दाखवणं आणि मोजता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट पाठांतराची आहे. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यामागचे नियम नीट मांडून दाखवले: प्रत्येक वस्तूला एकच अंक, अंकांचा क्रम ठरलेला, आणि शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे एकूण संख्या. यातला शेवटचा नियम मुलांना सगळ्यांत उशिरा उमगतो. म्हणून चार वर्षांचं मूल पाच खडू बोट ठेवून बरोबर मोजतं आणि ‘मग किती आहेत?’ विचारलं की पुन्हा एक, दोन, तीन सुरू करतं. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या सुमारास मुलांना नुसतं ‘मला इतके दे’ असं सांगून बघितलं, तेव्हा दहापर्यंत घडाघडा म्हणणारी काही मुलं तीन मागितल्यावर मूठभर उचलून देत होती. पायऱ्यांवर एक ते वीस म्हणवून घेतल्याने ही समज येत नाही. देण्या-घेण्यातून येते. जेवायला चौघं बसणार असतील तर चार ताटं मांडणं, सगळ्यांना एकेक चमचा देणं, बाबांचे दोन आणि तिचे दोन बूट ओळीत लावणं. या कामांना संख्या लागते, म्हणून ती संख्या वापरते.

पाण्याशी खेळताना तिने उंच अरुंद भांड्यातलं पाणी पसरट भांड्यात ओतलं आणि ‘आता कमी झालं’ म्हणाली, तर तिला पटवून द्यायला जाऊ नका. पाणी तेवढंच आहे हे मुलांना साधारण सातव्या वर्षाच्या आसपास पटायला लागतं, हे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून ठेवलेलं आहे. तिला ओतू द्या. पुन्हापुन्हा ओतणं हेच तिथलं शिकणं आहे.

आता लिहिण्याबद्दल, आणि इथे मी ठाम आहे. पेन्सिल आणि गिरवण्याची पानं सरळ उचलून ठेवा. मुलं आकार साधारण एका क्रमाने काढायला शिकतात. बघून गोल काढणं तीनच्या आसपास, अधिकचं चिन्ह चारच्या आसपास, चौकोन साडेचार-पाचला, आणि त्रिकोण पाचनंतर, कारण तिरकी रेघ हाताला अवघड जाते. आपली अक्षरं बघा: उभा दांडा, त्याला चिकटलेली गाठ, वरची रेघ, मध्येच तिरकी वळणं. चौकोन ज्या हाताला अजून नीट जमत नाही त्या हाताकडून आपण ‘क्ष’ मागतो. दोन रेघा मारून पेन्सिल फेकणारी मुलगी आळशी नाही, तिचा हात खरोखर दुखत असेल. या वयात मनगटाची काही हाडंही अजून पुरती तयार झालेली नसतात. शेजारच्या मुलीला नाव लिहिता येतं, छान आहे. काहींना लवकर जमतं, आणि काही जणी नाव हे एक चित्र म्हणून पाठ करून काढतात. त्यावरून तुमच्या मुलीबद्दल काहीच कळत नाही.

हात तयार होतो तो मातीचा गोळा मळून, कात्रीने कागदाच्या पट्ट्या कापून, ओलं फडकं पिळून, बटणं लावून, झाकणं फिरवून, दोरीवरच्या चिमट्याचं तोंड दाबून. भिंतीवर मोठा कागद चिकटवून उभ्याने रंगवू द्या, खांदा आणि मनगट दोन्ही कामाला लागतात. खडूचे आखूड तुकडे द्या. लांब खडू मुठीत धरता येतो, तुकडा बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो. आणि चित्र काढत असेल तर ‘हे काय काढलंस?’ हाही आपल्या बंद केलेल्या प्रश्नांचाच भाऊ आहे. शेजारी बसून ‘ही रेघ केवढी लांब गेली, पार कोपऱ्यापर्यंत’ एवढं म्हणा. सांगायचं असेल तर ती सांगेलच. चित्राखाली तिने सांगितलेलं वाक्य तिच्यासमोर, तिच्या शब्दांत लिहून ठेवा. आपण बोललो ते कागदावर उमटतं आणि उद्या आईने वाचलं तर तेच परत येतं, हे तिला यातून कळेल. गिरवायच्या आधी हे कळायला हवं.

स्टिकर बंद करा. एकदम बंद, मोठं भाषण न देता. स्टिकरचा अख्खा गठ्ठा तिला खेळायला देऊन टाका, हवा तिथे चिकटवू दे. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या, चित्रं काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. काही मुलांना ‘चित्र काढलं की बक्षीस मिळेल’ असं आधी सांगून बक्षीस दिलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळात हीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढताना दिसली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं होतं, त्यांची आवड तशीच होती. ‘आधी स्टिकर दे’ हे तुमच्या मुलीचं म्हणणं त्याच वाटेवरचं आहे. अक्षरं हे आईचं काम आहे आणि ते आपण करून दिलं तर मोबदला मिळायला हवा, असा सरळ हिशेब तिने लावला. त्यात तिची काही चूक नाही.

दिवसाची घडी कशी बसवायची, हा खरा अवघड भाग. घड्याळाचं टाइमटेबल बाळ असलेल्या घरात टिकत नाही, आणि मोडलं की रोज हरल्यासारखं वाटतं. वेळेऐवजी क्रम ठरवा. उठणं, आवरणं, मग घरातलं एक काम दोघींनी मिळून, मग बाहेर, मग जेवण, गोष्ट, आराम, मग तिचा स्वतःचा खेळ. किती वाजता हे बाळ ठरवेल, कशानंतर काय हे तिला माहीत असेल. लहान मुलांना आधार या क्रमाचाच वाटतो.

यात एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा. बाळ दिवसा पहिल्यांदा झोपलं की पहिली पंधरा मिनिटं तिची. भांडी, फोन, धुणं सगळं नंतर. या पंधरा मिनिटांत काय करायचं हे ती ठरवेल, तुम्ही नुसत्या जमिनीवर बसायचं आणि ती सांगेल ती भूमिका करायची. शिकवायचं काही नाही. तुम्हाला पेशंट बनवून ती डॉक्टर झाली तर इंजेक्शन घ्या आणि पडून राहा. (तेवढीच पाठ टेकते, हेही नसे थोडके.) बाळाला पाजण्याच्या आधी असा एक भरगच्च तुकडा मिळाला असेल तर पाजताना ती तुम्हाला चिकटण्याचं प्रमाण कमी होतं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

ती एकटी खेळताना स्वतःशी बडबड करते का, बघा. ‘आता हे इथे ठेवायचं, नाही नाही, पडेल, मोठं खाली.’ अशा वेळी मध्ये बोलू नका. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांनी या बडबडीकडे फार आदराने पाहिलं होतं. मूल मोठ्याने विचार करत असतं, पुढे हाच आवाज आत जातो आणि मनातल्या मनात विचार करणं जमू लागतं. कौतुकाने ‘व्वा, किती छान बांधलंस’ म्हटलं तरी ती तंद्री मोडते.

मोबाइलबद्दलची टोचणी थोडी सैल करा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत, त्यात बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला १ तासाहून जास्त नको, कमी असेल तर चांगलंच, असं म्हटलं आहे. बाळाला पाजताना पंधरा-वीस मिनिटं एखादा शांत व्हिडिओ त्यात सहज बसतो. फक्त अक्षरांचे व्हिडिओ शिकवणं म्हणून लावू नका. तिला बघायला आवडेल असं काहीतरी लावा आणि संपल्यावर दोन शब्द बोला. त्याच कागदात मला जास्त महत्त्वाच्या वाटलेल्या गोष्टी वेगळ्याच आहेत. दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल, त्यातली निदान ६० मिनिटं चांगली धावपळीची, १० ते १३ तास झोप, आणि फार वेळ एका जागी बसवून ठेवायचं नाही. म्हणजे तुमच्या वेळापत्रकातले बसून करायचे दोन तास गेले तर तिचं नुकसान काहीच नाही. रोजच्या धावण्याचा तासभर निघाला तर मात्र तिची झोप, भूक, चिडचिड सगळ्यांवर फरक दिसेल.

गोष्टीच्या पुस्तकाबद्दल थोडक्यात: रोज वाचा, तेच तेच पुस्तक मागितलं तरी वाचा, आणि ‘हा कोण प्राणी आहे’ म्हणून मध्ये थांबू नका. थांबायचंच तर जिथे तुम्हाला खरोखर कुतूहल वाटेल तिथे थांबा. ‘हा एवढा का रुसला असेल, काही कळत नाही बाई.’ ती काय म्हणते ते ऐका. ‘त्याला नाही घेतलं खेळायला’ म्हणाली तर तिच्या वाक्यात थोडी भर घाला: ‘हो गं, सगळे नदीवर गेले आणि याला सांगितलंच नाही.’

तुम्ही फाडलेलं पान. त्याबद्दल एकदाच, साध्या शब्दांत तिच्याशी बोला. ‘त्या दिवशी मी रागावून पान फाडलं, तू घाबरलीस. मी तसं करायला नको होतं.’ ‘पण तूही ऐकत नव्हतीस’ हे शेपूट मात्र त्याला जोडू नका.

नवऱ्यालाही वाईट वाटू देऊ नका, ते प्रेमानेच विचारतात. फक्त त्यांनी विचारण्याऐवजी आधी स्वतःचं सांगावं. ‘आज रस्त्यात एवढा मोठा क्रेन बघितला, त्याचा दोर अडकला होता.’ मुलांना दुसऱ्याची हकीकत ऐकली की आपली आठवते. ती चिमटे कसे पुरले नाहीत ते सांगायला लागेल आणि मग त्यांनाच कळेल दिवसभरात काय झालं ते. शिवाय रोज रात्री दोन ओळी तुम्ही स्वतः एका वहीत लिहा: आज तिने आपणहून काय केलं, काय विचारलं. तिने विचारलेले प्रश्न जरूर लिहा, कारण शिकणं कुठे चाललं आहे ते या प्रश्नांतून दिसतं. ही वही शेजारणीला दाखवायची नाही, ‘काहीच होत नाहीये’ असं वाटेल त्या दिवशी तुम्ही चाळायची आहे.

शाळेचं आज ठरवू नका. चिडचिडीत घेतलेला निर्णय दोन्हीकडून त्रास देतो: शाळेत घातलं तर ‘मला जमलं नाही’ म्हणून आणि नाही घातलं तर ‘आता जमवूनच दाखवीन’ म्हणून. घरी शिकणाऱ्या मुलाला एक गोष्ट मुद्दाम मिळवून द्यावी लागते ती म्हणजे बरोबरीची मुलं. साधारण चौथ्या वर्षी मुलं नुसती शेजारी-शेजारी खेळण्यातून एकत्र, नियम ठरवून खेळण्याकडे वळू लागतात, आणि ते आईबरोबर होत नाही, कारण आई मुद्दाम हरते आणि मुलं हरत नाहीत. आठवड्यातून निदान दोन-तीनदा, शक्यतो त्याच त्या दोन-चार मुलांबरोबर, भरपूर वेळ. शेजारची ती मुलगी यासाठी फार कामाची आहे. हे तुम्हाला जमत असेल आणि तुमचा जीव मेटाकुटीला येत नसेल तर घरी ठेवणं चांगलं चालेल. ते जमत नसेल, किंवा तुम्हाला रोज सकाळी छातीत धडधडत असेल, तर तिला चांगल्या, खेळावर भर असलेल्या ठिकाणी काही तास पाठवण्यात कसलाही पराभव नाही. आईला श्वास घ्यायला वेळ मिळणं हेही तिच्याच भल्याचं आहे.

आणखी एक तपासून घ्या. मी वर जे लिहिलं ते ‘येत असून न करणाऱ्या’ मुलीबद्दल आहे. ती अनोळखी माणसांना कळेल असं बोलत नसेल, चार-पाच शब्दांची वाक्यं होत नसतील, आधी सहज वापरत असलेले शब्द बोलण्यातूनच गेले असतील, किंवा पाठीमागून हाक मारल्यावर बऱ्याचदा लक्ष जात नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून काही आठवडे कमी ऐकू येणं पुष्कळ मुलांना होतं, आणि ते हट्टासारखं दिसतं. तुमच्या पत्रावरून तसं काही वाटत नाही, पण विचारून घेतलेलं बरं.

उद्या सकाळी भिंतीवरचा कागद काढा, टेबल दुसऱ्या कामाला घ्या आणि चिमट्यांची टोपली तिच्या हातात द्या. पहिले चार-पाच दिवस ती तुम्हाला चाचपून बघेल. ‘आज अक्षरं नाहीत?’ असंही विचारेल. ‘नाहीत’ एवढंच सांगा. तीन आठवड्यांनी मला पुन्हा लिहा, आणि वहीतले तिचे दोन-तीन प्रश्न त्यात जरूर उतरवून पाठवा. पुढचं काय करायचं ते त्यावरूनच ठरवता येईल.